उत्सवाचे तोंड कोणाकडे?

कथा, कविता, नाटक यांची समीक्षा होते. सणाची समीक्षा सहसा होत नाही. सण साजरा करावयाचा, त्याचे वर्णन करावयाचे आणि फार तर पूर्वीची गंमत आता राहिली नाही म्हणून हळहळावयाचे, एवढ्यावर आपण थांबतो. वास्तविक सण हीदेखील एक रचना आहे. तिचा कर्ता एक व्यक्ती नसून एक समाज असतो, एवढाच काय तो फरक. तिला भाषा असते, पात्रे असतात, वेश असतो, आरंभ आणि शेवट असतो. तिच्यात काही उघड सांगितलेले असते, काही झाकून ठेवलेले असते. मग कादंबरीला जे प्रश्न आपण विचारतो ते सणाला का विचारू नयेत? प्रस्तुत लेखात आम्ही तसा प्रयत्न करणार आहोत. त्यासाठी दोन बेटे निवडली आहेत. एक आपल्या शेजारचे, गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात वसलेले दिवाडी. दुसरे हजारो मैलांवरचे, कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद.

मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीवर राहणाऱ्या वाचकांनी बेटांच्या सणांकडे कशासाठी वळावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, येथील कॅथलिक समाजही एका परीने बेटासारखाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेल्सच्या संत फ्रान्सिसच्या मिशनरी संघाचे फ्रेंच धर्मगुरू घोगरगावच्या परिसरात आले. त्यानंतर बऱ्याच काळाने, १९७७ साली, औरंगाबाद धर्मप्रांत अस्तित्वात आला. सभोवार पैठणच्या नाथषष्ठीची दिंडी, खुलताबादचा उरूस, पोळा आणि भीमजयंती. त्यांच्यामध्ये आपला नाताळ आणि धर्मग्रामाचा वार्षिक सण. अशा लहान समाजाने सण कसा करावा, हा प्रश्न आपल्यापुढे दरवर्षी नव्याने उभा राहतो. बेटांवरच्या माणसांनी तो अगोदर सोडवून पाहिला आहे. काही ठिकाणी ते यशस्वी झाले, काही ठिकाणी फसले.

या विषयावर आम्हांस सर्वांत अधिक शिकविणारे लेखन एका कवीचे आहे. सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावर १९३० साली जन्मलेले डेरेक वॉलकॉट यांना १९९२ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षीच्या डिसेंबरात स्टॉकहोम येथे त्यांनी जे व्याख्यान दिले त्याचा आरंभ त्यांनी एका सणापासून केला. त्रिनिदादमधील फेलिसिटी नावाच्या खेड्यात ऊसपट्ट्याच्या कडेला रामलीला चालू होती. वॉलकॉट कॅथलिक बहुसंख्य बेटावरील मेथडिस्ट कुटुंबात वाढलेले. हिंदू उत्सवाशी त्यांचा परिचय नव्हता. बांबूचा उंच रावण, धनुष्यबाण घेतलेली मुले, मैदानात जमलेली कुटुंबे हे सारे पाहताना त्यांच्या मनात प्रथम हळहळ उमटली. मूळ भूमीपासून तुटलेल्या, भाषा विसरत चाललेल्या लोकांनी जपलेला हा एक अवशेष, असे त्यांना वाटले. मग त्यांच्या ध्यानी आले की, अवशेष त्यांच्या नजरेत होता, मैदानात नव्हता. ती मुले नट नव्हती. आपण जे करीत आहोत ते खरे आहे, अशा श्रद्धेने ती ते करीत होती. पाहुण्याने टाळ्या वाजविल्या काय किंवा अश्रू ढाळले काय, त्यांचे काही अडणार नव्हते. पुढे याच व्याख्यानात, सहलीच्या माहितीपत्रकांतून आपल्या बेटांचे जे गोड, हसरे, निळे चित्र विकले जाते, त्याविषयीही वॉलकॉट कठोर बोलतात. या दोन मुद्द्यांना जोडणारा जो धागा आम्हांस दिसतो तो हा: सणाचे तोंड कोणाकडे आहे, यावर सणाचा जीव अवलंबून असतो. देवाकडे, शेताकडे, शेजाऱ्याकडे तोंड केलेला सण फाटका असला तरी जिवंत असतो. प्रेक्षकाकडे तोंड फिरविलेला सण झगमगीत असला तरी तो सण न उरता खेळ होतो.

त्रिनिदादचा इतिहास पाहिला म्हणजे या विधानाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाच्या जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये मजूर तेथे उतरले. १९१७ पर्यंत त्यांची संख्या एक लाख चाळीस हजारांच्या वर गेली. बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातले होते. त्यांच्या गाठोड्यातून रामायण गेले, मोहरम गेला. त्यांच्याही आधी तेथे कार्निव्हल पोहोचला होता. स्पेनच्या राजाने १७८३ साली कॅथलिक वसाहतकारांना जमिनी देऊ केल्या, तेव्हा आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांनी प्रायश्चित्तकाळापूर्वीचे मुखवट्यांचे नाच आपल्या वाड्यांत सुरू केले. १८३८ मध्ये गुलामगिरीचा पुरता शेवट झाला आणि मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी तो कार्निव्हल वाड्यातून रस्त्यावर आणला. त्यांचा स्वतःचा 'कँबुले', म्हणजे पेटत्या उसाच्या आठवणीची मशालींची मिरवणूक, त्यात मिसळला. मालकाच्या करमणुकीतून दासाचे स्मरण निर्माण झाले. १८८१ साली पोलिसांनी ही मिरवणूक दडपण्याचा प्रयत्न केला तेव्हा राजधानीत दंगल उसळली. १८८४ साली मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन माणसे मेली. सण जर केवळ करमणूक असता, तर त्याच्यासाठी कोणी प्राण दिले नसते आणि सरकारनेही बंदुका काढल्या नसत्या.

याच बेटावर सिपारिया गावी 'दिव्य मेंढपाळीण' या नावाने पवित्र मरियेची एक जुनी मूर्ती आहे. स्पॅनिश कापुचिन धर्मगुरूंच्या मिशन केंद्रातून ही भक्ती वाढली. ऊसमळ्यांत राबणाऱ्या हिंदू मजुरांनी या मातेला 'सिपारी माई' म्हटले. पवित्र गुरुवारी आणि उत्तम शुक्रवारी ते तेल, तांदूळ, मेणबत्त्या घेऊन येत. लहान मुलांचे जावळ तेथे काढीत. आजही ते येतात. कॅथलिकांचा सण पास्कानंतरच्या एका रविवारी वेगळा होतो. आपल्याकडील वाचकांना यात नवल वाटू नये. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण, असे गोव्यातील लोकश्रद्धा मानते आणि तिच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन येतात. धर्मशास्त्राच्या काटेकोर भाषेत या दोन्ही ठिकाणी प्रश्न उभे राहतात, हे आम्ही जाणतो. परंतु समीक्षकाने प्रथम पाहावे ते हे की, सिपारियात किंवा म्हापशात तेल घेऊन येणारी बाई कोणाला दाखविण्यासाठी येत नाही. तिचे तोंड मातेकडे असते. म्हणूनच तिची प्रार्थना समजून घेण्यासाठी तिची भाषा येण्याची गरज पडत नाही.

आता आपल्या शेजारच्या बेटाकडे वळू. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी लागते. मराठी वाचकाला या बेटाचे नाव ओळखीचे असावयास हवे, कारण कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे येथले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते मंदिर पाडले. लिंग नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे नेण्यात आले आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार केला. बेटावर टेकडीच्या माथ्यावर पिएदादचे चर्च उभे राहिले. याच बेटावर १६७६ साली जन्मलेले धर्मगुरू जाकोम गोन्साल्विस पुढे श्रीलंकेत गेले आणि तेथे त्यांनी सिंहली भाषेत इतके विपुल लिहिले की, सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेलेल्या माणसाने तेथल्या लोकांच्या बोलीत श्रद्धेला शब्द दिले. दिवाडी हे असे जखमांचे आणि देवघेवीचे बेट आहे. तेथील सण वाचताना हे विसरून चालणार नाही.

दिवाडीचा प्रसिद्ध सण बोंदेराम. ऑगस्ट महिन्याच्या चौथ्या शनिवारी तो होतो. पोर्तुगीज भाषेत निशाणाला 'बांदेइरा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. कथा अशी की, बेटावरील वाड्यांत हद्दीवरून तंटे होत, रक्तपातही होई. म्हणून सरकारने हद्दीवर निशाणे रोवली आणि लोकांनी ती पाडली. आज वाड्यावाड्यांची निशाणे मिरविली जातात आणि 'फोटाश' नावाच्या बांबूच्या पोकळ नळीतून रानफळे उडवून लुटुपुटीची लढाई होते. या रचनेचे मर्म काय? ज्या भांडणात एके काळी माणसे जखमी झाली, त्याच भांडणाचा येथे खेळ केला आहे. शस्त्राची बंदुकली झाली, गोळीचे फळ झाले. समेटाचे कोणतेही प्रवचन इतके बोलके नसेल. शिवाय त्यात एक सूक्ष्म उपरोध आहे: निशाण सरकारचे, पण हसे सरकारचेच. मात्र हे मर्म कळण्यासाठी भांडणाची आठवण असावी लागते. अलीकडे या दिवशी फेरीबोटींना रीघ लागते, चित्ररथांना बक्षिसे मिळतात, ध्वनिक्षेपकांचा गजर होतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हद्द कोणती आणि वाडे कोणते हे ठाऊक नसते, ठाऊक करून घेण्याची गरजही वाटत नाही. तेव्हा समेटाचा खेळ नुसता खेळ होऊन बसतो. बोंदेराम अद्याप त्या टोकाला गेलेला नाही, कारण वाड्यांची ईर्षा अद्याप खरी आहे. पण त्याचे तोंड अर्धे वळले आहे, असे म्हणणे भाग आहे.

याच बेटावर दुसरा एक सण आहे, ज्याची जाहिरात क्वचित होते. राखेच्या बुधवारपूर्वीचे तीन दिवस तेथे 'पोटेकर' फिरतात. तरुण मुले जुनेपाने कोट, गोणपाटे आणि भेसूर मुखवटे चढवितात, कमरेला घंटा बांधतात, हाती सोटे घेतात आणि गावभर हिंडून मुलांना भिववितात. मुले पळतात आणि पुन्हा चिडवावयास येतात. घरोघरी पोटेकरांना खाऊपिऊ घालतात. यात कसलाही डौल नाही. छायाचित्राला शोभेल असे सौंदर्यही नाही. तरीही आमच्या मते हा सण बोंदेरामपेक्षा अधिक सघन आहे. प्रायश्चित्तकाळाच्या उंबरठ्यावर भय आणि हसू एकाच वेशात दारी येते. कालपर्यंत ओळखीचा असलेला मुलगा तीन दिवस अनोळखी होतो आणि बुधवारी कपाळावर राख घेऊन पुन्हा ओळखीचा होतो. मराठी वाचकाला येथे पैठणच्या एकनाथांची आठवण व्हावी. नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी अशी लोकांतली सोंगे उचलून भारुडे रचली. सोंग हे फसविण्यासाठी नव्हे, तर उघडे करण्यासाठी असते, हे त्यांना कळले होते. पोटेकरामागे नाथांसारखा कवी नाही, म्हणून त्याला शब्द नाहीत. परंतु हेतूने तो भारुडाचा दूरचा भाऊबंद आहे.

आता याच तीन दिवसांत नदीपलीकडे पणजीत काय घडते ते पाहू. गोव्यात 'इंत्रूज' फार जुना. घरोघरी रंग, पीठ, विनोद आणि अंगणातले 'खेळ' असे त्याचे स्वरूप होते. गोवा मुक्त झाल्यानंतर १९६५ साली पणजीत 'किंग मोमो'ची चित्ररथांची मिरवणूक सुरू झाली आणि पुढे तिला पर्यटनाचे पाठबळ मिळाले. त्या मिरवणुकीत कलाकुसर नाही असे आम्ही म्हणत नाही. काही चित्ररथांतून गावच्या उद्योगांचे प्रामाणिक दर्शनही घडते. परंतु मिरवणुकीची रचनाच अशी आहे की, एक बाजू चालते आणि दुसरी बाजू पाहते. इंत्रूजात पाहणारा वेगळा नव्हता. जो पाही तोच भिजे. चित्ररथांवर मालाच्या जाहिराती आल्या तेव्हा तर कोण कोणासाठी नाचतो आहे, हे उघडच झाले. गोव्याच्या ख्रिस्तसभेने कार्निव्हल हा ख्रिस्ती धार्मिक सण नाही, असे वेळोवेळी सांगितले आहे. ते योग्यच आहे. तरी चांदरसारख्या गावी कार्निव्हलच्याच दिवसांत ख्रिस्ती गावकरी मुसळे घेऊन 'मुसळ खेळ' खेळतात, तेव्हा त्यांच्या पावलांत पोर्तुगिजांपूर्वीच्या कदंबकाळाची आठवण असते. म्हणजे कार्निव्हल हे नाव एकच. त्याच्या आतले सण दोन. जून महिन्याच्या २४ तारखेच्या संत योहानाच्या सणाचेही तेच. पानाफुलांचा मुकुट घालून गावच्या विहिरीत उडी मारणारा नवा जावई एका घराचा पाहुणा असतो. एलिझाबेथच्या उदरात उडी मारणाऱ्या बाळाचे स्मरण त्याच्या उडीत असते. तीच उडी पंचतारांकित हॉटेलाच्या तलावात तिकीट घेऊन मारली की तिच्यातून घरही जाते आणि बाळही जाते. पाणी तेवढे उरते.

येथे एका गैरसमजापासून सावध राहावयास हवे. जुने ते खरे आणि नवे ते खोटे, असे आमचे म्हणणे नाही. त्रिनिदादमध्ये ढोलांवर बंदी आली तेव्हा लोकांनी बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटून ताल धरला. १९३० च्या दशकात बिस्किटांचे डबे, कचऱ्याची पिंपे वाजविली. पुढे तेलाच्या रिकाम्या पिंपांचे तळ ठोकून त्यांतून सूर काढले. असे 'स्टीलपॅन' जन्मले. त्याला शंभर वर्षेही झालेली नाहीत, पण त्याच्याइतके अस्सल वाद्य शोधून सापडणार नाही. तसेच प्रेक्षक आला म्हणजे सण बिघडला, असेही नाही. पवित्र शास्त्रात दावीद राजा कराराच्या कोशापुढे देहभान विसरून नाचला, तो साऱ्या नगराच्या देखत नाचला. दोष जमलेल्या लोकांचा नव्हता. दोष मीखलचा होता, जी खिडकीतून पाहत होती आणि राजाला हे शोभते काय, एवढाच विचार करीत होती. दावीदाचे तोंड कोशाकडे होते; मीखलचे दावीदाकडे. सणाच्या समीक्षेचे सारे सूत्र या एका प्रसंगात आहे. आणि मीखल केवळ पर्यटकांतच असते असे नाही. ती आयोजकांत असते, पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत असते, कधी कधी वेदीपाशीही असते.

धर्मगुरूंनी या बाबतीत विशेष जपावयास हवे, कारण सणाला मारण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही आपल्या वर्गाच्या हाती आहेत. पहिला मार्ग बंदीचा. १७३६ साली गोव्यातील धर्मन्यायासनाने फर्मान काढून ख्रिस्ती कुटुंबांतील लग्नगीते, तुळस आणि कितीतरी घरगुती चालीरीती निषिद्ध ठरविल्या. त्याच गोव्यात एकशेवीस वर्षांपूर्वी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापले गेले होते आणि ते लोक भक्तीने गात असत. एकाने लोकांची ओवी उचलून तिच्यात तारणाची कथा भरली. दुसऱ्यांनी लोकांच्या ओठांवरचे गाणेच पुसावयास घेतले. इतिहासाने कोणाला आदर दिला हे सांगावयास नको. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात, लोकांच्या ज्या चालीरीती अंधश्रद्धेशी अतूट जोडलेल्या नाहीत त्यांना उपासनेत स्थान देण्याची वाट मोकळी केली. २००१ साली रोमने लोकभक्तीविषयी सविस्तर मार्गदर्शिका काढली. बंदीचा काळ गेला. परंतु सण मारण्याचा दुसरा मार्ग कौतुकाचा आहे. लोकांचा सण उचलायचा, त्याला व्यासपीठ, परीक्षक आणि ढाल द्यायची, आणि वर्ष-दोन वर्षांत तो स्पर्धा होऊन बसतो. वॉलकॉट यांनी स्वतःच्या प्रशंसेतही जी आश्रयदात्याची ऐट ओळखली, ती हीच.

वॉलकॉट यांच्या व्याख्यानाचे ऋण मानूनही, त्यात एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला आहे, असे आम्हांस नम्रपणे वाटते. एका सायंकाळी आलेल्या पाहुण्याला श्रद्धा दिसली; मैदानात कोण कोठे उभे आहे हे दिसणे कठीण होते. सणाचे तोंड योग्य दिशेला असूनही सण अन्यायी असू शकतो. गोव्यातील कित्येक चर्चमध्ये 'कोन्फ्रारिया', म्हणजे सण साजरा करणारे बंधुसंघ, पिढ्यान्‌पिढ्या जातीवर बेतलेले होते. रंगीत झगा घालून मिरवणुकीत पुढे कोणी चालावे हे बाप्तिस्म्याने नव्हे, तर जन्माने ठरे. मराठवाड्यातील खेड्यांत तर सण म्हणजे गावकीचा आरसाच. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, वेशीच्या आत कोणी यावे, नैवेद्य कोणी दुरून घ्यावा, हे सारे ठरलेले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या आरशात कोठे उभे होते हे आपण जाणतो. ते गावाच्या सणात नव्हते असे नाही. ते वेशीबाहेर हलगी वाजवीत होते. त्यांच्यावाचून गावाचा एकही सण पुरा होत नव्हता, आणि एकाही सणात त्यांना बसावयास जागा नव्हती.

म्हणून 'आपली लोकवाद्ये चर्चमध्ये आणा' असे उत्साहाने सांगणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. आपल्या भजनीमंडळांनी टाळ आणि मृदंग केव्हाच स्वीकारले, कारण ते वारीतून आले. त्यांना मान होता. हलगी मात्र फारशी आली नाही. ज्या वृद्धांनी वेशीवर हलगी वाजविली, किंवा आपल्या बापाला वाजविताना पाहिले, त्यांना तिच्या आवाजात अपमान ऐकू येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीची हीन समजली जाणारी कामे टाकून द्या, असे का सांगितले, हे छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा ज्या वृद्धाने हलगी खुंटीला टांगून ठेवली त्याने परंपरा बुडविली, असे कोणी म्हणू नये. त्याने आपली मान ताठ केली. परंतु त्याच्या नातवाला आता दोनच पर्याय दिसतात: परक्या सुरावटीची गाणी, किंवा ट्रॅक्टरवर बांधलेल्या भोंग्यांच्या भिंतीतून छाती हादरविणारा गोंगाट. धर्मग्रामाच्या सणाला हा गोंगाट आला की वेदी, मिरवणूक, मूर्ती सारे मागे पडते आणि भ्रमणध्वनीच्या पडद्याकडे तोंड करून नाचणारी मुले तेवढी पुढे येतात. आजोबांनी एक वाद्य अपमानापोटी टाकले आणि नातू वाद्यच विसरला. या दोघांच्या मधली जी रिकामी जागा आहे, तिचा विचार आपल्या नियतकालिकांतून फारसा झालेला नाही.

त्रिनिदादचे उदाहरण येथे आम्हांस मोलाचे वाटते. स्टीलपॅन हे वस्त्यांतल्या गरीब पोरांचे वाद्य होते. सभ्य कुटुंबांत ते वाजविणे लाजिरवाणे मानीत, पोलीस वादकांच्या मागे लागत. १९९२ साली, वॉलकॉट स्टॉकहोमला गेले त्याच वर्षी, ते त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य घोषित झाले. २०२५ साली तेथील संसदेने देशाच्या राजचिन्हावरील कोलंबसाची तीन जहाजे काढून त्या जागी स्टीलपॅन ठेवण्यास मान्यता दिली. जिंकणाऱ्याची जहाजे गेली आणि हिणविलेल्यांचे वाद्य आले. मात्र हे कोणा मान्यवर समितीने वरून ठरविले म्हणून घडले नाही. ज्यांना हिणविले गेले त्यांनीच ते वाद्य पुन्हा हाती घेतले, त्याच्यावर कष्ट केले, त्यातून सूर काढले. सरकारी मान फार उशिरा आला. हलगीचेही तसेच व्हावयास हवे. धर्मगुरूने ती विकत आणून मंडळाच्या हाती देऊ नये. ज्या घरी ती टांगलेली आहे त्या घराने ती उतरवावयाची की नाही, हे त्या घराने ठरवावे. आणि उतरविलीच, तर ती वाजविणारा वेशीबाहेर नव्हे, तर मिरवणुकीच्या अग्रभागी, क्रुसाच्या मागोमाग चालेल, एवढी जबाबदारी धर्मग्रामाची.

तर सणाच्या समीक्षेचे दोन प्रश्न आमच्या हाती लागतात. पहिला प्रश्न वॉलकॉट यांच्यामुळे सुचला: सणाचे तोंड कोणाकडे आहे? दुसरा आपल्या मातीने शिकविला: सणात कोण कोठे उभा आहे? दिवाडीचा पोटेकर पहिल्या प्रश्नाला उतरतो. सिपारियाची तेलवाली बाई दोन्ही प्रश्नांना उतरते, कारण त्या मातेपुढे तिची जात कोणी विचारीत नाही. पणजीचा किंग मोमो पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. आपला धर्मग्रामाचा सण कोठे बसतो, हे प्रत्येक कुटुंबाने आपापल्या ठिकाणी पाहावे.

वाचकहो, सणाची तयारी सुरू झाली की आपल्याकडे प्रथम मंडपवाला, मग ध्वनिक्षेपकवाला आणि शेवटी गायकवृंद ठरतो. यंदा हा क्रम उलटा करून पाहावा, अशी आमची विनंती आहे. प्रथम घरातील आजी-आजोबांना विचारावे की, त्यांच्या लहानपणी घोगरगावच्या किंवा आपापल्या गावच्या सणाला कोणते भजन म्हणत, मिरवणूक कोणत्या वाटेने जाई आणि ती कोणाच्या दारी थांबत नसे. हा शेवटचा प्रश्न टाळू नये. उत्तर मिळाले तर यंदाची मिरवणूक त्या दारी थांबवावी. तेवढ्यासाठी मंडप लहान करावा लागला, तरी सण लहान होणार नाही.